न उरलेल्या नगरीची वाट

कादंबरीकाराचे भांडवल कोणते, असा प्रश्न केला असता बहुतेक लोक कल्पनाशक्ती हेच उत्तर देतील. मग ज्याच्यापाशी हे भांडवल विपुल आहे, त्याने समुद्र ओलांडून परमुलखी जावे, उन्हातान्हात घोड्यावर बसून रानोमाळ हिंडावे आणि टिपणांनी वह्या भराव्या, हे कशासाठी? जे डोळ्यांनी पाहावयाचे ते इतिहासकाराने व प्रवाशाने पाहावे, कादंबरीकाराने ते आपल्या खोलीत बसून निर्माण करावे, अशी एक समजूत रूढ आहे. या समजुतीत तथ्य किती आणि भ्रम किती, हे तपासून पाहण्यास फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर याने १८५८ साली केलेल्या कार्थेजच्या प्रवासासारखे उदाहरण क्वचितच सापडेल. कारण जी नगरी पाहावयास तो निघाला, ती त्यापूर्वी दोन हजार वर्षे पृथ्वीच्या पाठीवरून नाहीशी झालेली होती.

फ्लोबेर त्या वेळी छत्तीस वर्षांचा होता. नॉर्मंडी प्रांतातील रूआँ शहराजवळ, सेन नदीच्या काठी असलेल्या क्रोआसे या गावी तो आपल्या आईसह राही. त्याची ‘मादाम बोव्हारी’ ही कादंबरी १८५६ साली नियतकालिकातून प्रसिद्ध झाली, आणि नीतिमत्तेला बाध आणल्याच्या आरोपावरून सरकारने त्याच्यावर खटला भरला. १८५७ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. त्या कादंबरीतील गाव, तेथील औषधविक्या, शेतकी प्रदर्शन आणि पावसाने भिजलेले रस्ते हे सारे त्याच्या दाराबाहेरचे जग होते. त्या जगाचे बारकाईने चित्र काढता काढता त्याला त्याचा वीट आला होता. आता शक्य तितके दूर जावे, काळानेही दूर आणि देशानेही दूर, असे त्याच्या मनाने घेतले; आणि त्याने निवडले ते आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज.

निवडलेला प्रसंगही आडवळणाचा होता. रोमशी झालेले पहिले युद्ध कार्थेजने इ. स. पूर्व २४१ मध्ये गमावले. त्या युद्धात लढलेल्या भाडोत्री सैनिकांचा पगार देण्यास खजिन्यात पैसा नव्हता. नगरीने टाळाटाळ केली, सैनिकांनी बंड केले, आणि सुमारे साडेतीन वर्षे दोन्ही बाजूंनी परस्परांवर अनन्वित क्रौर्य केले. बंडाचे पुढारी माथो व स्पेंडियस. नगरीचा सेनापती हामिल्कार बार्का, पुढे रोमला कापरे भरविणाऱ्या हॅनिबलचा पिता. या युद्धाची संगतवार हकीकत सांगणारा मुख्य आधार म्हणजे ग्रीक इतिहासकार पोलिबियस. तो स्वतः या युद्धानंतर कित्येक वर्षांनी जन्मला. पुढे इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमन सेनेने कार्थेज जाळले, तेव्हा तो विजयी सेनापतीच्या बाजूस उभा होता. कार्थेजच्या लोकांनी आपल्याविषयी स्वतः लिहिलेले जवळजवळ काहीच उरले नाही. रोमन सेनेटच्या आज्ञेवरून मागो नावाच्या कार्थेजी ग्रंथकाराच्या शेतीविषयक ग्रंथाचे अठ्ठावीस भाग लॅटिनमध्ये उतरविण्यात आले, तेही आज तुकड्यांतूनच माहीत आहेत. तात्पर्य, या नगरीविषयी जी साक्ष उपलब्ध आहे, ती तिच्या शत्रूंची आहे.

पोलिबियसच्या ग्रंथात एका ठिकाणी असा उल्लेख आहे की, नारावास हा नुमिडियन सरदार हामिल्कारला येऊन मिळाला, तेव्हा हामिल्कारने त्याला आपली मुलगी देऊ केली. त्या मुलीचे नाव इतिहासकाराने दिलेले नाही. फ्लोबेरने तिला सालाम्बो हे नाव दिले, तिला देवी तानितची भक्त केले, आणि तिच्याभोवती पंधरा प्रकरणांची कादंबरी उभी केली.

कामाला आरंभ झाला तो पुस्तकांपासून. १८५७ च्या वसंतात आणि उन्हाळ्यात फ्लोबेरने सुमारे शंभर ग्रंथ वाचले. देवळाच्या अंगणात सायप्रसचे वृक्ष दाखवावयाचे होते, म्हणून त्या वृक्षाच्या एका जातीवरील चारशे पानांचा प्रबंध त्याने वाचून काढल्याचे त्याच्या पत्रांवरून दिसते. सप्टेंबर महिन्यात त्याने लेखनास हात घातला. पण गाडी पुढे सरकेना. दागिन्यांची, देवतांची, शस्त्रांची, अत्तरांची नावे त्याच्या वहीत शेकड्यांनी जमा झाली होती. तथापि या सर्व वस्तू ज्या उजेडात ठेवावयाच्या, तो उजेड त्याला कोठल्याही ग्रंथात सापडत नव्हता. पहाट झाली म्हणजे त्या आखाताचे पाणी कसे दिसते? नगरीच्या तटावरून समोरचा डोंगर किती जवळ भासतो? बंडखोर फौज एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास निघाली, तर तिच्या पायाखाली कसली जमीन येते? असल्या प्रश्नांना पोलिबियसपाशी उत्तर नव्हते. कारण त्याला ते प्रश्न पडलेच नव्हते.

१८५८ च्या एप्रिलमध्ये फ्लोबेर पॅरिसहून मार्सेय बंदरास गेला आणि तेथून आगबोटीने आफ्रिकेच्या किनाऱ्यास लागला. अल्जिरियात त्या वेळी फ्रेंचांचा अंमल होता; ट्यूनिसवर तेथील बे राज्य करीत होता. कॉन्स्टंटाइन शहर पाहून तो समुद्रमार्गे ट्यूनिसला पोहोचला आणि एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तेथे राहिला. ट्यूनिसहून कार्थेजचे स्थान सुमारे दहा मैलांवर आहे. तो तेथे वारंवार गेला. उत्तरेस यूटिका व बिझर्ट येथपर्यंत जाऊन आला. आणि परतताना समुद्राचा सुखाचा मार्ग सोडून त्याने घोड्यावरून अंतर्भागातील वाट धरली. ही वाट ल केफ या गावावरून जाते. प्राचीन सिक्का नगरी ती हीच. कार्थेजने बंडापूर्वी भाडोत्री सैनिकांना जेथे धाडून दिले, ते हे ठिकाण, आणि कादंबरीचे दुसरे प्रकरण याच मजलेचे आहे. आपल्या सैनिकांना जी वाट चालावयास लावावयाची होती, ती फ्लोबेरने आधी स्वतः तुडवली.

कार्थेजच्या जागी त्याला काय दिसले? कार्थेजी काळाचे म्हणावे असे जमिनीवर जवळजवळ काहीच नाही. रोमनांनी जुनी नगरी जाळल्यावर शंभरांहून अधिक वर्षांनी त्याच जागी आपली नवी नगरी वसविली. सातव्या शतकाच्या अखेरीस अरबांनी तीही जिंकली, आणि पुढे कित्येक शतके तेथील दगड व खांब उचलून लोकांनी इतरत्र घरे, मशिदी आणि देवळे बांधली. १८५८ साली तेथे मोडके हौद होते, बंदराच्या जागी पाण्याची दोन उथळ डबकी होती, आणि बिर्सा टेकडीवर फ्रान्सचा राजा नववा लुई याच्या स्मरणार्थ बांधलेले एक लहानसे प्रार्थनामंदिर होते. हा राजा १२७० साली येथेच स्वारीवर असता मरण पावला. नेथन डेव्हिस नावाचे गृहस्थ ब्रिटिश म्यूझियमसाठी त्याच सुमारास तेथे उत्खनन करीत होते. परंतु त्यांना मिळालेल्या सुंदर फरसबंद्या बहुतांशी रोमन काळच्या होत्या.

ज्याला दगड पाहावयाचे होते, त्याने येथून निराश होऊन परतावयाचे. फ्लोबेर निराश झाला नाही, कारण त्याने दगडांऐवजी जे दोन हजार वर्षांत बदलत नाही ते पाहिले. आखाताची वळणे, पलीकडच्या तीरावरील दोन शिंगांचा बू-कोर्निन डोंगर, खाऱ्या सरोवराचा चकाकणारा पृष्ठभाग, सूर्य उगवताना व मावळताना क्षणोक्षणी पालटणारे रंग, या सर्वांची त्याने त्या त्या वेळी, त्या त्या जागी नोंद केली. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाच्या शेवटी दोन बंडखोर एका गच्चीवरून उजाडणारी नगरी पाहतात. त्या वर्णनातील घरे व देवळे ही कल्पनेची आहेत. त्यांच्यावर पडलेला प्रकाश मात्र पाहिलेला आहे.

जूनच्या आरंभी तो घरी परतला. आणखी माहिती मिळाली, आता लेखन झरझर होईल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. घडले ते उलटेच. प्रवासापूर्वी लिहिलेले सारे कार्थेज पाडून टाकून नव्याने बांधले पाहिजे, असे त्याने अर्नेस्ट फेदो या आपल्या लेखकमित्राला कळविले. प्रवासाच्या वहीच्या अखेरीस त्याने निसर्गाच्या ज्या शक्ती श्वासावाटे आपल्यात घेतल्या त्या पुस्तकातून प्रकट होवोत, अशा अर्थाची एक प्रार्थनाही लिहून ठेविली आहे. त्यानंतर आणखी चार वर्षे श्रम करून त्याने ‘सालाम्बो’ पुरी केली, आणि १८६२ च्या नोव्हेंबरात ती प्रसिद्ध झाली. आठ आठवड्यांच्या प्रवासाने आधीच्या महिन्यांचे काम रद्द केले, हाच त्या प्रवासाचा पहिला लाभ म्हटला पाहिजे. खोलीत बसून लिहिणाऱ्याला आपले लेखन खोटे वाटू लागण्याचे कारणच मिळत नाही.

पुस्तक बाहेर पडताच त्यावर दोन दिशांनी हल्ला झाला. लूव्र संग्रहालयातील एक तरुण पंडित फ्रोनर याने एका नियतकालिकात फ्लोबेरच्या विद्वत्तेचीच झडती घेतली. फ्लोबेरने १८६३ च्या जानेवारीत वृत्तपत्रातून त्यास मुद्देसूद उत्तर दिले. लिंक्स नावाच्या रानमांजराच्या मूत्रापासून रत्ने बनतात ही कल्पना कोठून आणली? थिओफ्रास्टसच्या रत्नविषयक ग्रंथातून. येणेप्रमाणे एकेका आक्षेपास त्याने आपला आधार पुढे केला. सिक्काच्या वाटेवर सैनिकांना क्रूसावर ठोकलेले सिंह दिसतात, हा कादंबरीतील प्रसंगही मनचा वाटतो. परंतु आफ्रिकेत असे सिंह पोलिबियसने पाहिल्याची नोंद रोमन ग्रंथकार प्लिनी याने करून ठेविली आहे.

दुसरा टीकाकार अधिक मोठ्या योग्यतेचा होता. फ्रान्समधील त्या काळचा अग्रगण्य समीक्षक सेंत-बव्ह याने डिसेंबर १८६२ मध्ये लागोपाठ तीन लेख लिहून या कादंबरीचे परीक्षण केले. त्याला दिलेल्या उत्तरात फ्लोबेरने बहुतेक ठिकाणी आपली बाजू लढविली. पण एका ठिकाणी मात्र त्याने शस्त्र खाली ठेविले. ते ठिकाण म्हणजे पाण्याचा पाट.

झाघुआन डोंगरातील झऱ्यांपासून कार्थेजपर्यंत सुमारे ऐंशी मैल लांबीचा एक पाट प्राचीन काळी बांधलेला होता. सपाटीवर तो उंच कमानींवरून नेलेला असून त्या कमानींच्या रांगा ट्यूनिसच्या दक्षिणेस आजही उभ्या आहेत. त्या ओसाड मुलखात त्यांच्याइतके डोळ्यांत भरणारे दुसरे काही नव्हते. कादंबरीत या पाटावर कथेची मुख्य कळ बसविलेली आहे. माथो आणि स्पेंडियस या पाटातून नगरीत शिरतात आणि तानित देवीचे पवित्र वस्त्र पळवितात. पुढे स्पेंडियस हाच पाट फोडतो, त्यामुळे नगरीवर तहानेने मरण्याची पाळी येते, आणि त्या संकटातूनच मोलोक देवाला मुलांचे बळी देण्याचा तो भयंकर प्रसंग उद्भवतो. पाट काढून घेतला, तर अर्धी कादंबरी कोसळेल. आणि तो पाट तर रोमन! तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, म्हणजे या बंडानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी बांधला गेला. हामिल्कारच्या कार्थेजमध्ये लोक पावसाचे पाणी घरोघरच्या टाक्यांत साठवीत.

फ्लोबेरला हे ठाऊक नव्हते असे नाही. त्याने सेंत-बव्हला स्पष्ट लिहिले की, जुन्या कार्थेजात असा पाट नव्हता असेच आपले खाजगी मत आहे. पंडितांचे तोंड बंद व्हावे म्हणून आपण कादंबरीत एक कावेबाज वाक्य घालून ठेविले. सहाव्या शतकातील युद्धात हा पाट तोडला गेल्याची आठवण आपला पिच्छा सोडीना, शिवाय दोन पात्रांना नगरीत शिरण्यास ती वाट फार सोयीची होती. तथापि हा पाट म्हणजे आपला भ्याडपणा होय. पुतळ्याच्या मानाने चौथरा फार मोठा झाला, म्हणजे सालाम्बोहून तिच्या भोवतालचे वर्णनच वरचढ ठरले, असा दोषही त्याने त्याच पत्रात आपल्या पदरी घेतला.

या कबुलीचा विचार नीट केला पाहिजे. येथे ग्रंथांनी त्याला खरे सांगितले होते आणि डोळ्यांनी मोह घातला होता. प्रत्यक्ष पाहिलेली वस्तू खरीच असली पाहिजे, असे मनुष्याला वाटते. परंतु त्या जागी उभी असलेली वस्तू त्या काळची असेलच असे नाही. प्रवास लेखकाला आधार देतो तसा मोहातही पाडतो. जो घरीच बसला त्याच्यावर हा प्रसंग येत नाही, हे खरे. पण जो प्रवास करून आला, ग्रंथही वाचून बसला आणि दोहोंतील विरोध ओळखून आपण कोठे खोटे बोललो हे नेमके सांगू शकला, त्याच्या खोट्याची जात निराळी आहे. ते अज्ञानातून आलेले नाही, आणि म्हणून त्याची जबाबदारीही टळत नाही.

फ्लोबेरच्या नंतर कार्थेजच्या भूमीने आणखी बरेच काही सांगितले. १९२१ साली जुन्या बंदराजवळ एक प्राचीन देवस्थान सापडले. तेथे दगडी स्मारकांखाली हजारो मडकी पुरलेली होती आणि त्यांत कोवळ्या अर्भकांची व पशूंची जळकी हाडे होती. ही मुले बळी दिलेली, की इतर कारणांनी दगावल्यावर देवाच्या पायाशी पुरलेली, याविषयी पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही. कादंबरीतील बळींचा प्रसंग पोलिबियसच्या हकीकतीत नाही. कार्थेजवरील एका आधीच्या संकटाविषयी डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराने जे लिहिले, ते फ्लोबेरने उचलून या युद्धात बसविले. १९७० नंतरच्या दशकात युनेस्कोच्या पुढाकाराने अनेक देशांच्या संशोधकांनी येथे उत्खनन केले. त्यात बिर्साच्या उतारावर कार्थेजी काळाची घरे व त्यांखालच्या पाण्याच्या टाक्या उघड्या झाल्या. वर्तुळाकार लष्करी बंदराचे अवशेषही मिळाले. परंतु ते इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ठरले. हामिल्कारचे गलबत कादंबरीत ज्या बंदरात थाटाने प्रवेश करते, ते त्याच्या हयातीत त्या स्वरूपात नव्हतेच. ही चूक कळणे फ्लोबेरला शक्य नव्हते. पाटाची चूक त्याला कळली होती. वाचकाने या दोहोंत भेद केला पाहिजे.

या प्रवासाची आणखी एक बाजू आहे, आणि ती सोडून देणे योग्य होणार नाही. फ्लोबेर ज्या ट्यूनिसमध्ये उतरला, ते मृतांचे गाव नव्हते. १८५७ च्या सप्टेंबरात, म्हणजे त्याच्या आगमनापूर्वी जेमतेम सात महिने, मुहम्मद बे याने आपल्या सर्व प्रजेला, मग ती कोणत्याही धर्माची असो, जीविताची व वित्ताची हमी देणारा जाहीरनामा काढला होता. परकीय सत्तांचा दाब वाढत होता. १८८१ साली फ्रान्सने तो मुलूख आपल्या संरक्षणाखाली घेतला, आणि तो स्वतंत्र व्हावयास १९५६ साल उजाडावे लागले. बाजारातील माणसे, उंटवाले, सैनिक यांच्याकडे फ्लोबेरने पाहिले खरे. पण कादंबरीसाठी त्यांच्याकडे पाहताना त्याला हवे होते ते दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे. जिवंत माणसाला मेलेल्या काळाचा नमुना मानणे, ही परदेशी प्रवाशाची जुनी खोड आहे. पौर्वात्य देशांकडे पाहण्याच्या युरोपीय दृष्टीची चिकित्सा करताना एडवर्ड सईद यांनी १९७८ साली आपल्या ‘ओरिएंटलिझम’ या ग्रंथात फ्लोबेरचा विचार केला, तो उगाच नव्हे. कार्थेजच्या तपशिलांसाठी त्याने पंडितांना उत्तरे दिली. ज्यांच्या देशातून त्याने तो उजेड नेला, त्यांना उत्तर देण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नाही.

मग प्रवासाने त्याला काय दिले? पहिली गोष्ट, आधी लिहिलेले टाकून देण्याचे धैर्य. दुसरी, अंतर, प्रकाश आणि थकवा यांचे माप. हे माप शरीराने घेतल्यावाचून मिळत नाही. तिसरी, एक मोह, ज्याला तो बळी पडला आणि ज्याची कबुली त्याने स्वतः दिली. ऐतिहासिक कादंबरी हाती घेणाऱ्या वाचकाने लेखकाला प्रत्येक दगडाचा दाखला मागू नये. तसे केल्यास वाङ्मयाचा हा प्रकारच खुंटेल. परंतु कोणता दगड इतिहासाचा आणि कोणता आपण आणून बसविलेला, हे लेखकाला स्वतःला ठाऊक आहे की नाही, एवढे पाहण्याचा हक्क वाचकाला आहे. फ्लोबेरला ते ठाऊक होते, आणि म्हणून त्याचे चुकीचे कार्थेजही विश्वासाने वाचता येते.

आज ट्यूनिसहून किनाऱ्याकडे जाणारी लहान आगगाडी त्या जुन्या बंदरांजवळच्या एका स्थानकावर थांबते. तेथील वस्तीचे व स्थानकाचे नाव सालाम्बो. पोलिबियसने जिचे नावही लिहिण्याची तसदी घेतली नाही, ती सेनापतीची मुलगी एका परदेशी कादंबरीकारामुळे नकाशावर आली. मडक्यांतील त्या अर्भकांची नावे मात्र कोणालाच ठाऊक नाहीत. ती शोधावयास कोठे जावे, हे कोणत्याही प्रवाशाला अद्याप सापडलेले नाही.